कोऱ्या काचा

थेंबाताई हे नाव त्यांना प्रयोगशाळेने दिलं, आणि दिलं तेही चेष्टेनं. नव्याने लागलेल्या एका मुलीने अँटिबॉडीची रिकामी कुपी केराच्या डब्यात टाकली होती. ताईंनी हातमोजा चढवून ती बाहेर काढली, उजेडात धरली, बोटाने दोनदा टिचकी मारली आणि म्हणाल्या, "रिकामी म्हणे! अजून दोन थेंब आहेत. दोन थेंब म्हणजे दोन काचा." ती मुलगी वर्षभरात नोकरी सोडून गेली, नाव मात्र चिकटून राहिलं. आता तर दारावरचा पहारेकरीसुद्धा "थेंबाताई आल्या का?" असं विचारतो, आणि त्या स्वतःच "आल्या" म्हणून उत्तर देतात.

वय छप्पन्न. अंगकाठी बारीक, चष्मा जाड, आणि चाल अशी की मागून येणाऱ्याला वाटावं, बाईंची बस सुटतेय.

काम सांगायला सोपं, करायला नाही. डॉक्टर माणसाच्या शरीरातून तपासणीसाठी छोटा तुकडा काढतात. तो मेणात बसवून त्याचा ठोकळा करतात. ताई तो ठोकळा यंत्राच्या पात्यापुढे लावतात आणि त्याचे काप काढतात, केसाच्या जाडीत वीस मावतील इतके पातळ. कापाला काप जोडून फीत होते. ती कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती पडू द्यायची नाही, आणि खालून काच घालून अलगद उचलायची. श्वास जोरात सोडला तरी फीत उडते. म्हणून काप काढताना ताई बोलत नाहीत, आणि एरवी त्याची भरपाई करतात.

तेविसाव्या वर्षी पदवी घेऊन त्या इथे आल्या तेव्हा पहिले सहा महिने एकही काप धड निघाला नव्हता. शिकवणारे म्हातारे गृहस्थ तोंडाचे फटकळ. "बाई, हा काप आहे की फरशी?" असं सगळ्यांसमोर विचारायचे. ताई घरी येऊन रडायच्या आणि दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी येऊन बसायच्या. सातव्या महिन्यात त्या गृहस्थांनी एक काच सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, पुन्हा बघितली, आणि आपल्या टेबलाची किल्ली त्यांच्या हातात दिली. तेहतीस वर्षं झाली. खिडकीजवळचं ते टेबल तेव्हापासून ताईंचं. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती आणि ती त्यांना त्याच टेबलावर काढायची होती. दुसरी कसलीही महत्त्वाकांक्षा त्यांना नव्हती. बढतीसाठी दोनदा विचारणा झाली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "खुर्ची कशाला वाढवता, पातं चांगलं आणून द्या."

घरी नवरा, सासूबाई आणि रस्त्याकडच्या खोलीत नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दोघा नवरा-बायकोचा संसार भिंगातून बघण्यात गेला, असं सासूबाई म्हणतात. त्या नव्वदीच्या आहेत, आणि त्यांना ऐकायला सगळं येतं, विशेषतः त्यांनी ऐकू नये ते.

आता अँटिबॉडीचं सांगायलाच हवं, नाहीतर ताईंवर काय बेतलं ते कळायचं नाही. काचेवर बसलेल्या कापात हजारो पेशी असतात आणि सगळ्या सारख्याच फिकट. त्यांतली रोगाशी लढणारी पेशी कुठली, आणि तिच्या अंगावर अमुक एक रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा निरोप झेलणारी खुंटी, आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो शोधायला अँटिबॉडी लागते. तिचा आकार बेचकीसारखा. वरची दोन टोकं जगातल्या एकाच गोष्टीला चिकटतात, या कामात त्या रिसेप्टरला. खाली दांडा, ताई त्याला शेपूट म्हणतात. ही पहिली अँटिबॉडी रिसेप्टरला जाऊन चिकटली तरी दिसत नाही, कारण तिला रंग नसतो. मग वरून दुसरी सोडायची. ती पहिलीचं शेपूट पकडते आणि आपल्याबरोबर रंग आणते. तपकिरी ठिपका उमटला की समजायचं, रिसेप्टर आहे.

पूर्वी अशी अँटिबॉडी उंदरांच्या पेशींकडून मिळवायचे, म्हणून तिचं शेपूटही उंदराचं. एखादी कुपी झकास, पुढची कशीतरीच. आता अँटिबॉडीचा जनुकांमधला पाठ वाचून ठेवतात आणि भांड्यात वाढवलेल्या पेशींकडून ती हवी तेव्हा बनवून घेतात. तिला रिकॉम्बिनंट म्हणतात. दहा वर्षांनी मागवा, टोकं तीच. प्रत्येकीला एक नंबर असतो आणि ताईंच्या लेखी नंबर म्हणजेच अँटिबॉडी. नंबर जुळला, विषय संपला.

त्या वर्षी प्रयोगशाळेत चाळीस पेशंटांच्या पोटातले तुकडे आले होते. दुर्बिणीच्या नळीतून चिमट्याने काढलेले, तांदळाच्या कणीएवढे. ज्या रिसेप्टरमुळे लढणारी पेशी लढायचं थांबते, तो किती पेशींवर आहे हे मोजायचं होतं. एकच अँटिबॉडी तीन खोल्यांत वापरली जात होती. ताईंच्या खोलीत ती काचेवर जायची. शेजारी पेशी मोजण्याचं यंत्र होतं, तिथे तिच्या अंगाला थेट चमकणारा रंग जोडून पेशी एकेक करून लेसरपुढून सोडायचे. आणि पलीकडच्या खोलीत एक तरुण शास्त्रज्ञ जिवंत पेशी वाढवायचा. तिथे अँटिबॉडी रिसेप्टरवर बसवून तो झाकून टाकायचा आणि पेशी पुन्हा लढायला उठतात का ते बघायचं. सगळे त्याला पेशीवाला म्हणत. तिशी उलटलेला, हुशार, आणि डबा विसरून येण्यात पटाईत. निम्मं जेवण तो ताईंच्या डब्यात जेवायचा.

जुनी कुपी संपत आली तशी नवी मागवली. नवी आली. ताईंनी बारा पेशंटांचे काप आणि सोबत टॉन्सिलचा एक काप लावला. टॉन्सिलमध्ये हा रिसेप्टर हमखास असतो, म्हणून प्रत्येक वेळी एक काच त्याची ठेवायची. ती रंगली तर बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. काचा कुकरमध्ये उकळल्या, गार केल्या, थेंब टाकले, धुतल्या, दुसरी अँटिबॉडी, रंग. तेरा काचा ओळीने मांडल्या.

तेराच्या तेरा कोऱ्या. टॉन्सिलसुद्धा.

असं होतं कधीकधी. पण पुढच्या बैठकीत आकडे दाखवायचे असल्यामुळे प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम घाईत होत्या.

"मॅडम, आधी नुसत्या टॉन्सिलवर बघते. पेशंटांचे तुकडे लहान आहेत."

"दोन दिवस त्यात जातील. तुमचं काहीतरी राहिलं असेल एखादं धुणंबिणं. सगळं एकदमच लावा."

ताईंनी मान डोलावली. ती डोलवायला नको होती हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. ठोकळा एकदा यंत्रावरून उतरवून पुन्हा लावला की सरळ बसेपर्यंत पहिले दहा-पंधरा काप वाया जातात. कणीएवढ्या तुकड्यात तेवढे काप म्हणजे फार झाले. दुसऱ्या फेरीनंतर चार ठोकळ्यांत नुसतं मेण उरलं. आणि काचा पुन्हा कोऱ्या.

मग मात्र त्यांनी पेशंटांच्या ठोकळ्यांना कुलूप लावलं आणि टॉन्सिलवर बसल्या. रंग ताजा केला. कुकरची वेळ बदलली. दुसऱ्या अँटिबॉडीचा संशय आला म्हणून तिच्यासोबत नेहमीची एक वेगळी पहिली अँटिबॉडी लावून बघितली. काच झकास तपकिरी झाली, म्हणजे दुसरी निर्दोष, रंगही निर्दोष. मग नवी कुपीच खराब असेल म्हणून त्या यंत्राच्या खोलीत गेल्या.

"आमच्याकडे फर्स्टक्लास चालतेय," यंत्रवाली म्हणाली. "जुन्यापेक्षा बरी."

पेशीवाल्याकडे गेल्या. "ताई, पेशी नुसत्या उड्या मारताहेत. कुपीला नावं ठेवू नका."

कुपी चांगली, दुसरी चांगली, रंग चांगला. मग उरलं कोण? मॅडमनी हे तोंडाने म्हटलं नाही, पण त्यांना केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. दार लावून घेतलं की बरं काही नसतं.

"ताई, तुम्ही कधी डोळे तपासलेत शेवटचे?"

"मार्चमध्ये. का?"

"नाही, सहज. आणि हात वगैरे... वयानुसार होतं हो. त्यात लाज कसली? तो काप काढताना खालीवर होत असेल, थेंब पडत नसेल नीट."

"थेंब? माझा?"

मॅडम टेबलावरच्या पेनाशी खेळत होत्या. "रेकॉर्ड रूमला माणूस हवंय. ठोकळे लावायचे, काचा लावायच्या, तुमच्याइतकी माहिती कुणाला नाही. सोमवारपासून जा तिकडे. इथे मी नवीन मुलगी घेते."

"आज गुरुवार आहे," ताई म्हणाल्या.

"हो."

"मग शुक्रवार माझा आहे," असं म्हणून त्या बाहेर आल्या.  

रेकॉर्ड रूम तळघरात होती. खिडकी नाही, ट्यूबलाइट दोन, त्यांतली एक फडफडणारी. तिथे गेलेला माणूस वर आल्याचं ताईंना आठवत नव्हतं.

घरी जाऊन त्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. थेट दुकानात जाऊन नवऱ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या.

"अहो, माझा हात बघा."

"काय झालं? कापलं?"

"कापलं नाही, कापतोय का ते बघा."

नवऱ्याने डोळ्याचं भिंग वर केलं आणि बायकोकडे बघितलं. बायकांच्या मनगटी घड्याळातला एक स्क्रू चिमट्याने काढून त्याने बशीत टाकला. मोहरीच्या दाण्याच्या पाव असेल. "हा उचल आणि जागेवर बसव."

ताईंनी चिमटा घेतला. स्क्रू उचलला. भोकावर नेला. बसला. नवऱ्याने तो पुन्हा काढला, पुन्हा बशीत टाकला. असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळेला तो म्हणाला, "बाई, तू माझ्या दुकानात ये कामाला. मला आता तिसऱ्याला सुटतो."

"खरं सांगा. बरं वाटावं म्हणून सांगू नका."

"घड्याळाच्या बाबतीत मी कधी खोटं बोललोय? माणसांच्या बाबतीत बोलतो. हात एकदम शाबूत आहे."

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "हात शाबूत आहे ना? मग डोकं तपासा!"

"आई, तुम्ही झोपा हो."

"झोपते गं. मी आपलं सुचवलं."

ताई हसल्या, पण सुचवणं डोक्यात राहिलं. हात ठीक असेल तर डोक्यातच कुठेतरी चुकतंय. अशी एखादी पायरी, जी आपण न बघता ओलांडतो आहोत.

शुक्रवारी सकाळी त्या टेबलाशी बसल्या आणि काहीच केलं नाही. हे त्यांच्यासाठी इतकं नवीन होतं की जाणारायेणारा प्रत्येक जण डोकावून गेला. जेवणाच्या सुट्टीत पेशीवाला नेहमीप्रमाणे रिकाम्या हाताने आला. मॅडमनी रेकॉर्ड रूमचा आदेश काढल्याचं त्याला कळलं होतं, म्हणून आज तो ओशाळला होता. "ताई, मी बोलू का मॅडमशी?"

"तू जेव आधी. आणि मला सांग, त्या अँटिबॉडीवर तू दुसरी कुठली लावतोस? उंदराचं शेपूट पकडणारी, तीच का, जी मी लावते?"

"दुसरी?" त्याने घास थांबवला. "मला दुसरी कशाला लागेल? पहिली जाऊन रिसेप्टरवर बसली की माझं काम झालं. मला थोडंच काही बघायचंय."

"आणि यंत्राच्या खोलीत?"

"ते पहिलीलाच रंग चिकटवतात ना थेट. त्यांनाही दुसरी लागत नाही."

ताईंनी डब्याचं झाकण लावलं. "संपव ते तुझं," म्हणाल्या, आणि उठल्या. त्याचं संपलेलं नव्हतं आणि डबा तर त्या घेऊन चालल्या होत्या, पण त्याने हातातला घास तेवढा खाल्ला. ताईंचा चेहरा बघून डबा मागायची कुणाची हिंमत झाली नसती.

तीन खोल्यांपैकी दोन खोल्यांना फक्त अँटिबॉडीची टोकं लागत होती. शेपूट फक्त ताईंना लागत होतं. टोकं उत्तम होती, दोन्ही खोल्या साक्षीला होत्या. म्हणजे बिघाड असलाच तर शेपटात. तेहतीस वर्षांत शेपूट बिघडल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं.

ते तपासायला पेशंटाचा तुकडा लागत नाही, टॉन्सिलही लागत नाही. ताईंनी अँटिबॉडी धरून ठेवणाऱ्या, कागदासारख्या पांढऱ्या पटलाच्या दोन पट्ट्या कापल्या. प्रत्येकीवर शेजारी-शेजारी दोन ठिपके दिले: एक जुन्या कुपीच्या तळाशी राहिलेल्या थेंबाचा, एक नव्या कुपीचा. पेन्सिलीने खाली "जु" आणि "न" लिहिलं. पट्ट्या दूध-पावडरीच्या पाण्यात भिजवल्या, म्हणजे रंग भलत्या जागी बसत नाही. मग पहिल्या पट्टीवर उंदराचं शेपूट ओळखणारी नेहमीची दुसरी अँटिबॉडी सोडली. शेवटी रंग.

मिनिटभरात जुना ठिपका तपकिरी झाला. नवा झाला नाही. पाच मिनिटं झाली, तरी नाही.

म्हणजे नव्या कुपीला उंदराचं शेपूट नव्हतंच. मग कुणाचं होतं? फ्रीजमध्ये सशाचं शेपूट ओळखणारी दुसरी होती, दुसऱ्या कामासाठी आणलेली. ती दुसऱ्या पट्टीवर सोडली. आता जुना ठिपका कोरा राहिला आणि नवा डोळ्यांत भरेल असा तपकिरी झाला.

टोकं तीच, शेपूट सशाचं. रिकॉम्बिनंटमध्ये हे करता येतं. पाठच हाताशी असल्यामुळे वरची टोकं ठेवून खाली कुठलंही शेपूट जोडून देतात. ज्याला जसं सोयीचं. ताईंची उंदीर ओळखणारी दुसरी अँटिबॉडी दोन आठवडे काचेवर उंदीर शोधत होती आणि समोर ससा बसला होता. ती बिचारी काय पकडणार?

त्यांना नाचावंसं वाटलं. तसं त्यांनी केलं नाही, पण पट्ट्या घेऊन पेशीवाल्याच्या खोलीत जवळजवळ पळत गेल्या. त्याने पट्ट्या बघितल्या, कपाळावर हात मारला आणि मोठ्याने हसला. "म्हणजे हात सलामत! ताई, कंपनीने चुकीची कुपी पाठवली. चला मॅडमकडे."

"थांब. मागणीचा कागद बघू दे."

फाइल ताईंकडेच असायची. कागद निघाला. कंपनीच्या यादीत त्या नंबराच्या दोन ओळी होत्या, एकीखाली एक. नंबर तोच, टोकं तीच. वरच्या ओळीच्या शेवटी उंदीर, आणि मिळायला सहा आठवडे. खालच्या ओळीच्या शेवटी ससा, आणि लगेच तयार. खालच्या ओळीपुढे बरोबरची खूण होती. निळ्या शाईची, शेपटी जरा लांब ओढलेली. अशी खूण या इमारतीत एकच माणूस करायचं.

ताईंना तो दिवस आठवला. जुनी कुपी संपत आली होती, सहा आठवडे हा आकडा बघून जीव टांगणीला लागला होता, आणि खालच्या ओळीत "लगेच" दिसल्यावर त्यांनी नंबर जुळवला होता, बस्स. शेवटचा शब्द वाचायची गरजच वाटली नव्हती. खाली मॅडमची सही होती. मॅडम न वाचता सही करतात हे सगळ्यांनाच माहीत होतं.

पेशीवाल्यानेही खूण ओळखली. त्याचं हसू गेलं. दार लोटून घेत तो म्हणाला, "ताई, हा कागद फाइलमध्ये ठेवा. मॅडम हा कशाला बघताहेत? त्या कंपनीला ओरडतील, कंपनी एक कुपी फुकट पाठवेल आणि मिटेल. कुणाचं काय जातंय?"

"माझं टेबल वाचतं, असं म्हण की."

"म्हणतो. वाचू दे की! दोन आठवडे तुमच्यावर उगाच खापर फुटलं ना?"

"उगाच कुठे? नेमकं माझ्यावरच फुटायचं होतं. फक्त जागा चुकली."

"तुम्ही सांगितलंत तर सोमवारी तळघर पक्कं."

 ताईंना मोह झाला नाही असं नाही. चांगलाच झाला. खिडकीजवळचं टेबल, पात्याचा आवाज, पाण्यावरची फीत, हे सगळं एका कागदाच्या घडीवर टिकणार होतं, आणि घडी करायला काही लागत नव्हतं. पण कंपनीला जाणाऱ्या तक्रारपत्राचा मसुदा मॅडम त्यांनाच लिहायला सांगणार, हे त्यांना माहीत होतं. "आम्ही उंदीर मागवला होता" असं आपल्या हाताने लिहायचं आणि खाली सही ठोकायची, हे काही त्यांना झेपलं नसतं. थेंब चुकला तर त्या थेंब चुकला असं लिहीत आल्या होत्या. आज त्यात बदल करायचं वय नव्हतं.

मॅडमनी पट्ट्या बघितल्या. हुशार बाई; समजायला अर्धं मिनिट लागलं. "कंपनी!" म्हणून त्यांनी टेबलावर थाप मारली. "ताई, मला माफ करा हं. मी तुमच्या हातांवर... आत्ताच्या आत्ता एक पत्र लिहा त्यांना."

"कंपनीची चूक नाही. आपण मागवली तेच आलंय. ही खूण माझी आहे."

मॅडमनी कागद घेतला. खूण बघितली. मग खाली आपली सही बघितली, आणि ती बघताना त्यांना जरा जास्त वेळ लागला.

"तुम्ही वाचलं नाहीत?"

"नाही."

पुढचं वाक्य ताईंच्या जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. मॅडमना ते ऐकू आलंच असावं, कारण त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "मीही नाही."

पेशीवाला दारात उभा होता. त्याने छताकडे बघायला सुरुवात केली.

"चार ठोकळे गेले," मॅडम म्हणाल्या.

"चार. दुसरी फेरी लावली नसती तर एकही गेला नसता. मी नाही म्हणायला हवं होतं."

"म्हणाला होतात तुम्ही."

"एकदा म्हणाले. दोनदा म्हणायला हवं होतं."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. "मग आता रेकॉर्ड रूमचं मी काय करू?"

"ते तुम्ही ठरवायचं."

"काप काढणारा असा हात मला मिळणार नाही. फॉर्म भरणारे शंभर मिळतील. टेबलावर तुम्हीच बसा. मागणीचे फॉर्म मात्र आजपासून तुम्ही भरायचे नाहीत."

"भरणार," ताई म्हणाल्या.

"काय?"

"मीच भरणार. ज्याला शेपूट लागतं त्यानेच फॉर्म भरावा. शंभरांतल्या कुणाला ते कळणार नाही. फक्त तुम्ही वाचून सही करायची. प्रत्येक ओळ, शेवटपर्यंत. मी समोर उभी राहीन."

पेशीवाल्याला खोकल्याची उबळ आली. मॅडमनी त्याच्याकडे रोखून बघितलं, मग ताईंकडे. "उभ्या राहा," त्या म्हणाल्या. "आणि त्या चौघांच्या डॉक्टरांना कोण कळवणार?"

"मी."

ज्यांनी नळी घालून ते तुकडे काढले होते ते डॉक्टर चार मजले वर बसत. ताईंनी टेबलाजवळच्या फोनवरून नंबर फिरवला. पलीकडून घाईचा आवाज आला.

"बोला."

"प्रयोगशाळेतून बोलतेय. अभ्यासातले चार नमुने आमच्याकडून संपले. चुकीची अँटिबॉडी मागवली गेली आणि काप वाया गेले." त्यांनी चारही पेशंटांचे क्रमांक सांगितले.

"वाया गेले म्हणजे? कोणी घालवले?"

"मी."

"तुम्ही कोण?"

"काचा करते मी."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. डॉक्टर बोलले तेव्हा घाई गेली होती. "पहिले दोघे पुढच्या महिन्यात तपासणीला येणारच आहेत. ते तयार असले तर तेव्हा तुकडा मिळेल. तिसऱ्याला मी पुन्हा नळी घाला म्हणून सांगणार नाही, फार त्रास झाला होता त्याला." पुन्हा एक कागद उलटला. "चौथ्या बाई मागच्या आठवड्यात गेल्या."

ताईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. "बरं," त्या म्हणाल्या. मग हे बरोबर नाही असं वाटून म्हणाल्या, "त्यांनी तुकडा द्यायला होकार दिला होता."

"हो. मीच विचारलं होतं त्यांना. कुणाच्या उपयोगी पडत असेल तर घ्या, म्हणाल्या होत्या."

"डॉक्टर, उरलेले छत्तीस मी नीट करते."

"करा," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

ताईंनी नमुन्यांची वही उघडली. चार क्रमांकांपुढे "नमुना संपला" असं लिहिलं. कारणाच्या रकान्यात आजवर लोक "तांत्रिक अडचण" लिहीत आले होते. त्यांनी लिहिलं, "अँटिबॉडी न वाचता मागवली, त्यामुळे", आणि सही केली. चौथ्या ओळीपुढे आणखी काही लिहावं का, असा विचार करत त्या जरा थांबल्या. तेवढा रुंद रकाना नव्हता.

मग त्यांनी सशाची दुसरी अँटिबॉडी गार पेटीत काढून ठेवली, हात धुतले, पेशंटांच्या ठोकळ्यांचं कुलूप तसंच ठेवलं आणि आधी टॉन्सिलचा ठोकळा पात्यापुढे लावला. पेशीवाला दारात येऊन काहीतरी विचारत होता. ताईंनी नुसता हात वर केला. फीत पाण्यावर उतरत होती.